टोपीला हात लागला तर

आडनावच चोरघे,
त्यामुळे सर बेस चोरायला शिकवू लागले
की पोरं दरवर्षी तोच विनोद करायची,
आणि सर दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे
दोन फेऱ्या जास्त पळवायचे.

सत्त्याऐंशी साली लागले ते खरं तर कबड्डीसाठी.
प्राचार्यांनी कपाट उघडून दाखवलं:
सहा ग्लव्ह्ज, दोन बॅटी, एक हेल्मेट,
कुठल्याशा योजनेतून आलेलं.
"याचं काहीतरी करा. ऑडिट आहे."
त्या ऑडिटची एकतीस वर्षं झाली.

मैदान कॅनॉलच्या कडेला.
सकाळी सहाला सर फक्कीने चौकोन आखायचे,
साडेसातला क्रिकेटवाले त्यावरून रोलर फिरवायचे.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
मी एकदा विचारलं, सर, राग नाही येत?
म्हणाले, दारात रांगोळी काढणाऱ्या बाईला येतो का?
म्हटलं, येतो. आमच्या आईला फार येतो.
हसले नाहीत.
फक्कीचा डबा माझ्या हातात दिला.

मी कॅचर. म्हणजे ऊन, उकिडवं, आणि धूळ.
गुडघ्यांनी तेव्हा काही सांगितलं नाही,
आता तिसऱ्या मजल्यावर सांगतात.

अन्वर तांबोळी डावखुरा.
त्याच्या हाताचा ग्लव्ह अख्ख्या पुण्यात मिळेना,
तर सरांनी चार रविवार जुना बाजार चाळला.
कुलपं, नळाच्या चाव्या, कुणाची तरी कवळी,
आणि त्याखाली तो.
आत शाईने कुणाचंतरी नाव, घामाने पुसलेलं.
अन्वरने त्यावर आपलं लिहिलं नाही.

सामन्यात सर तिसऱ्या बेसजवळ उभे.
कान, कोपर, पट्टा, नाक.
टोपीला हात लागला तरच त्यानंतरचं खरं,
नाहीतर नुसती खाज.
शिरूरचे प्रेक्षक म्हणायचे,
पुण्याच्या मास्तरला डास फार चावतात.

शहाण्णव. जळगाव. फायनल.
एक बाद, एका धावेची बरोबरी हवी,
मी तिसऱ्या बेसवर, सरांपासून हातभर.
अन्वर बॅटिंगला.
सरांनी खूण केली: बंट.
चेंडूला नुसती बॅट टेकवायची,
स्वतः मरायचं, दुसऱ्याला पुढे ढकलायचं.
टाळी न मिळणारा फटका.

मी पळालो.
अन्वरने बॅट पूर्ण फिरवली.
चेंडू सरळ तिसऱ्यावाल्याच्या हातात,
मी होमपासून सहा पावलांवर,
दोघंही गेलो.

रात्रीच्या एसटीत कुणी बोललं नाही.
नगर स्टँडवर सरांनी अन्वरला चहा आणून दिला,
मला पण.
माझ्यात साखर कमी होती, असं मला अजून वाटतं.

रिटायर झाल्यावर भोसरीत, कंपन्यांच्या लीगमध्ये.
रात्रपाळी करून आलेली पोरं,
मानधन दिवसाला दोनशे आणि मिसळ.
कॉम्प्रेसरवाल्यांच्या टीमला त्यांनी
सलग तीन वर्षं खालून दुसरं आणलं.
खालून दुसरं!
हे सांगताना आवाज चढायचा त्यांचा,
जळगाव सांगताना कधी नाही.

टोपीला हात लागला होता, हे मी.
नव्हता, हे अन्वर.
अठ्ठावीस वर्षं, लग्नांत, मयतीत,
त्याच्या टायरच्या दुकानात.
शेवटी गेलो विचारायला, वारज्याला.

उजवी बाजू गेलेली. बोलणं जवळपास बंद.
वहिनींनी उशी लावून बसवलं.
अन्वरने नेमका चेंडू सांगितला, नेमका क्षण,
मी माझी बाजू.
सरांनी ऐकलं. डोळे मिटले. उघडले.
मग डावा हात उचलला:
कान.
कोपर, जमेल तेवढं.
पट्टा, जिथे आता पायजम्याची नाडी.
नाक.

आम्ही दोघं पुढे वाकून
टोपीची वाट पाहत बसलो.

टोपी खुंटीवर होती.